ग्वांगझूला कमी पैशात कसं फिरायचं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ग्वांगझू म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताची राजधानी, पर्ल नदीच्या काठावरचं प्रचंड मोठं व्यापारी शहर, आणि आपल्याकडच्या दुकानदारांना ते माहीत असतं कॅन्टन फेअर या मोठ्या व्यापारी प्रदर्शनामुळे. नुसतं फिरायला जाणारे मात्र बीजिंग-शांघाय करून परत येतात आणि हे शहर राहूनच जातं. मला हे अजिबात पटत नाही, कारण चीनच्या मोठ्या शहरांमध्ये कमी पैशात राहायला, खायला आणि पायी भटकायला इतकं सोयीचं शहर शोधून सापडणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, इथे पैसे वाचतात ते घरी बसून केलेल्या तयारीमुळे. फोन, कार्ड, तारखा आणि हॉटेलचा एरिया या चार गोष्टी निघायच्या आधी नीट केल्या की पुढचं सगळं सोपं आहे.

सगळ्यात आधी तारखा

कॅन्टन फेअर १९५७ पासून भरतो, वर्षातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी तीन फेजमध्ये. गेली काही वर्षं वसंतातला १५ एप्रिल ते ५ मे आणि शरदातला १५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर असा असतो, मध्ये फेज बदलायला तीन-तीन दिवसांची सुट्टी. जगभरातून २ लाखांच्या वर खरेदीदार येतात, त्यामुळे या दिवसांत हॉटेलचे भाव दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतात. फेअरशी काही देणंघेणं नसेल तर या तारखा सरळ टाळा. फेअरलाच जायचं असेल तर आपला माल कुठल्या फेजमध्ये येतो ते बघून तेवढ्याच दिवसांचं बुकिंग करा. मोटामोटी बघितलं तर पहिल्या फेजमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि मशिनरी, दुसऱ्यात घरगुती वस्तू, गिफ्ट, डेकोरेशन, आणि तिसऱ्यात कपडे, खेळणी वगैरे.

अजून दोन वेळा टाळायच्या. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, तेव्हा अख्खा चीन प्रवासाला निघतो आणि ट्रेनचं तिकीट मिळत नाही. आणि चिनी नववर्ष, जानेवारी-फेब्रुवारीत येतं, तेव्हा होलसेल मार्केटमधली मंडळी गावी जातात आणि दोन-तीन आठवडे शटर खाली असतात. हवेचं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये दमट इतकं की भिंतींना पाणी सुटतं, मे-जूनमध्ये जोरदार पाऊस, पुढे सप्टेंबरपर्यंत वादळांची शक्यता. नोव्हेंबर आणि डिसेंबर उत्तम, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फेअर संपला की हॉटेलचे भावही उतरतात, माझ्या मते तोच सगळ्यात चांगला मुहूर्त.

व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधीच लागतो. चीनची जी २४० तासांची बिनव्हिसा ट्रान्झिट सवलत आहे त्यातल्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून त्या भरवशावर तिकीट काढू नका. फिरायला एल व्हिसा, धंद्यासाठी एम व्हिसा. एम ला चीनमधलं आमंत्रणपत्र लागतं, कॅन्टन फेअरच्या वेबसाइटवर खरेदीदार म्हणून नाव नोंदवलं की ते तिथूनच मिळतं, एजंटला त्यासाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही.

आणि हे नीट वाचा: जोडून हाँगकाँग करून परत चीनमध्ये यायचा विचार असेल तर डबल एन्ट्री व्हिसाच मागा. हाँगकाँगला गेलात की चीनमधून बाहेर पडलात असं धरतात, सिंगल एन्ट्री तिथेच संपते. हाँगकाँगसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही पण ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करून त्याची प्रिंट जवळ ठेवावी लागते, ते फुकट आहे आणि त्यावर १४ दिवसांपर्यंत राहता येतं.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कोलकाता आणि दिल्लीहून ग्वांगझूला इंडिगोची थेट विमानं परत सुरू झाली. मुंबई-पुण्याकडून जाणाऱ्यांनी दोन्ही भाव तुलना करून बघा, एकतर दिल्ली-कोलकात्याहून थेट किंवा बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूरमार्गे, कधी हे स्वस्त पडतं कधी ते. फक्त वेगवेगळी तिकिटं जोडत असाल तर मधल्या देशात बॅग घेऊन बाहेर पडावं लागेल का आणि त्याला व्हिसा लागेल का हे आधी तपासा.

चीनचं अरायव्हल कार्ड नोव्हेंबर २०२५ पासून ऑनलाइन भरता येतं, तेही फुकट, घरूनच भरून टाका म्हणजे उतरल्यावर पेन शोधत बसायला नको.

फोन

याला एक संध्याकाळ द्या. चीनमध्ये गुगल, जीमेल, व्हॉट्सॅप, इन्स्टा, यूट्यूब काहीच तिथल्या वायफायवर किंवा लोकल सिमवर चालत नाही. पण तुम्ही आपल्या भारतीय सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलंत किंवा बाहेरच्या देशातल्या कंपनीचं ट्रॅव्हल ई-सिम घेतलंत तर डेटा तिकडून फिरून येतो आणि हे सगळं चालतं. थोड्या दिवसांसाठी ई-सिम स्वस्त पडतं, पण भारतीय सिमही फोनमध्ये चालू ठेवा कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येणार.

निघण्याआधी टाकायची ॲप्स: पैसे भरायला अलीपे, तिथलं व्हॉट्सॅप म्हणावं असं वीचॅट, बुकिंगसाठी ट्रिप डॉट कॉम, आणि एक भाषांतराचं ॲप, त्यात चिनी भाषा ऑफलाइन डाउनलोड करून. वीचॅटचं नवीन अकाउंट उघडताना कधीकधी आधीपासून वापरणाऱ्या माणसाकडून क्यूआर स्कॅन करून घ्यावा लागतो, म्हणून ते भारतात असतानाच ओळखीतल्या कुणाकडून तरी उरकून घ्या, तिथे जाऊन अडकाल. मार्केटमध्ये तर वीचॅटशिवाय पानच हलत नाही, दुकानदार व्हिजिटिंग कार्डऐवजी क्यूआर पुढे करतो आणि रेट, फोटो, कॅटलॉग सगळं त्यावरच पाठवतो. नकाशासाठी आयफोनवाल्यांना ॲपल मॅप्स चांगलं चालतं, अँड्रॉइडवाल्यांनी अमॅप टाका. गुगल मॅप चालू झालं तरी तिथली माहिती जुनी आणि जागा थोड्या सरकलेल्या असतात, त्याच्या नादी लागू नका. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत असलेला स्क्रीनशॉट फोनमध्ये वेगळा ठेवा, टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

पैसे

एक युआन साधारण १२-१३ रुपये. बोलताना लोक युआनला क्वाय म्हणतात, "शर क्वाय" ऐकू आलं की दहा युआन.

यूपीआय विसरा, रुपे कार्डही घरी ठेवा. अलीपेमध्ये तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, पासपोर्टचा फोटो देऊन व्हेरिफिकेशन करायचं, आणि मग भाजीवाल्यापासून मेट्रोपर्यंत सगळीकडे क्यूआर चालतो. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला अलीपे चार्ज लावत नाही, त्यावर गेलं की ३ टक्के लावतं, म्हणून हॉटेलसारखं मोठं बिल आधीच बुकिंग साइटवर भरलेलं बरं. बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करून ठेवा, आणि एकाच कार्डावर विसंबू नका. दोन वेगळ्या बँकांची कार्डं जोडा, त्यातलं एक फॉरेक्स कार्ड असेल तर उत्तम, कारण नेमकं बिल भरताना एखादी बँक व्यवहार अडवते आणि मागे लाइन लागलेली असते.

रोख हजार-दीड हजार युआन जवळ असू द्या, त्यातल्या बऱ्याचशा दहा-वीसच्या नोटा. रोख नाकारणं तिथे बेकायदेशीर आहे, पण सुट्टे नाहीत हे मात्र सर्रास ऐकायला मिळेल. एअरपोर्टवर बाहेर पडताना "चेंज मनी" म्हणत कुणी जवळ आलं तर न थांबता चालत राहा.

राहायचं कुठे

यात सगळ्यात जास्त पैसे वाचतात किंवा जातात. नवीन लोक नकाशावर कॅन्टन टॉवर बघून तिआनहं किंवा झूजियांग न्यू टाउन भागात हॉटेल घेतात, चकाचक आहे पण महाग, आणि रात्री पायी फिरायला तिथे काचेच्या इमारतीच आहेत. तुम्ही जुन्या शहरात राहा, यूएश्यू किंवा लिवान जिल्ह्यात. मेट्रोच्या लाइन २ वर गोंगयुआनचियान, हायझू स्क्वेअर, किंवा लाइन १ वर चांगशौ लू, चेन क्लॅन अकॅडमी या स्टेशनांच्या चालत अंतरावर बघा. फेअर नसताना हॉस्टेलचा बेड शंभर युआनच्या आत-बाहेर आणि चेन हॉटेलची साधी स्वच्छ खोली दीडशे ते अडीचशेत मिळते. फेअरला जायचं असेल तरी इथेच राहा, लाइन २ ने चांगगांगला उतरून लाइन ८ पकडली की शिनगांगडोंग किंवा पाझौ स्टेशनला फेअरच्या दारात.

परदेशी माणसाची २४ तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते, हॉटेल ती स्वतः करतं, पासपोर्ट स्कॅन केला की झालं. पण अगदी स्वस्त लॉजमध्ये कधी रिसेप्शनवरच्या मुलीला परदेशी पासपोर्ट सिस्टीममध्ये कसा टाकायचा हेच माहीत नसतं. २०२४ मध्ये सरकारने हॉटेलांना परदेशी पाहुणे नाकारू नका असं बजावलंय, तरी रात्री अकरा वाजता वाद घालण्यापेक्षा बुकिंग करताना परदेशी लोकांचे रिव्ह्यू आहेत ना ते बघा. मित्राच्या घरी किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार असाल तर पोलिसांकडची नोंद तुम्हाला स्वतः करावी लागेल, हे टाळू नका.

सगळ्यात स्वस्त खोल्यांना खिडकी नसते. दमट हवेत ते त्रासाचं आहे, वीस-तीस युआन जास्त द्या आणि खिडकीची घ्या.

उतरल्यावर

बाइयुन एअरपोर्ट शहराच्या उत्तरेला आहे. इमिग्रेशनला बोटांचे ठसे घेतात, आधीच मशीनवर देऊन मग लाइनीत लागा. भारतातून येणारी थेट विमानं पहाटे पोहोचतात, मेट्रो साधारण सहाला सुरू होते, तोवर आतच बसून राहा, गरम पाण्याचं मशीन प्रत्येक ठिकाणी असतं, सोबत बाटली असली की झालं. टॅक्सीला शंभर-दीडशे युआन घालवायची काही गरज नाही.

टर्मिनल १ ला एअरपोर्ट साऊथ स्टेशन, टर्मिनल २ ला एअरपोर्ट नॉर्थ, दोन्ही लाइन ३ वर. जियाहवांगगांगला उतरून लाइन २ पकडा, ती तिथूनच सुटते त्यामुळे बसायला जागा मिळते, आणि थेट जुन्या शहरात. खर्च दहा युआनच्या आत. मेट्रोचं भाडं २ युआनपासून सुरू होतं, पाट्या इंग्रजीत आहेत, घोषणा मँडरिन, कँटोनीज आणि इंग्रजी तिन्हीत होतात. अलीपेच्या ट्रान्सपोर्टमध्ये ग्वांगझू निवडून क्यूआर काढायचा, आत जाताना आणि बाहेर येताना दाखवायचा. प्रत्येक स्टेशनवर बॅग मशीनमधून जाते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला लाइन ३ मध्ये सामान घेऊन चढू नका, गर्दीत दरवाजापर्यंतही पोचता येत नाही.

मार्केट

खरेदी करायची नसली तरी मार्केट बघाच, या शहराचा प्राण तिथे आहे. इथे प्रत्येक रस्त्याचा एकच माल असतो. हायझू स्क्वेअर स्टेशनजवळ यीद लू आणि वानलिंग प्लाझा, खेळणी, स्टेशनरी, गिफ्ट, सणासुदीचं डेकोरेशन, आपला मुंबईतला अब्दुल रेहमान स्ट्रीट दहा मजली केला तर कसा दिसेल तसं. त्याच रस्त्याला पुढे सुकी मासळी आणि सुकामेवा. चांगशौ लू ला लिवान प्लाझामध्ये मणी, खडे, दागिन्यांचं सामान. सानयुआनली स्टेशनला चामड्याच्या बॅगा. मुख्य रेल्वे स्टेशनजवळ बाइमा आणि आजूबाजूला कपडे. कापडासाठी झोंगदा, लाइन ८ वर. फांगचुनला चहाचं मार्केट आहे, तिथे बसवून फुकट चहा पाजतात आणि घाई अजिबात करत नाहीत, माझं सगळ्यात आवडतं ते.

शिसानहांगचं कपड्यांचं मार्केट पहाटे उजाडायच्या आधी सुरू होतं आणि दुपारपर्यंत आवरतं, तिथे जायचं तर लवकर उठा. बाकी मार्केट दहा ते पाच-सहा.

भाव करताना समजून घ्या की बरीच दुकानं फक्त होलसेल आहेत. "पी फा" लिहिलं-बोललं की होलसेल, एक नग मागितलात तर मान हलवून नाही म्हणतील, त्यात अपमान वाटून घेऊ नका. आधी किमान किती नग घ्यावे लागतील ते विचारा, मग भाव. कॅल्क्युलेटर पुढे येतो, त्यावर आकडा टाकायचा. "त्वो शाव छ्येन" म्हणजे किती, "थाय ग्वे ल" म्हणजे फार महाग, एवढं पुरतं. ब्रँडची नक्कल दाखवणारे लोक स्टेशनबाहेर हाताला धरून नेऊ बघतात, त्यांच्यामागे कुठल्याही वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाऊ नका.

धंद्यासाठी पहिल्यांदा जात असाल तर पहिल्या खेपेत फक्त सॅम्पल आणा. विकायचा माल प्रवासी सामानात बसत नाही, कस्टम्सला उत्तर द्यावं लागतं, त्यासाठी आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) नंबर काढून रीतसर कार्गोने मागवा. खेळण्यांना तर १ जानेवारी २०२१ पासून भारतात बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा आहे, यीद लू वरची स्वस्त खेळणी बघून हुरळून ऑर्डर दिलीत तर माल पोर्टवर अडकेल.

खाणं

मांसाहारी माणसाला इथे स्वर्ग आहे. सकाळचा चहा म्हणजे डिम सम, चहाबरोबर छोट्या छोट्या वाट्या-टोपल्यांत येणारे पदार्थ, मोठ्या हॉलमध्ये आजी-आजोबा पेपर वाचत दोन-दोन तास बसलेले असतात. बसल्यावर पहिला उकळता चहा आपल्या वाट्या-काड्यांवर ओतून त्या विसळून घ्यायच्या, ती तिथली पद्धत आहे. कुणी तुमच्या कपात चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर हलकी टकटक करायची, आभार मानल्यासारखं. गल्लीतल्या दुकानात वाफवलेला चांग फन (तांदळाच्या पिठाची मऊ गुंडाळी) किंवा वानटान नूडल्स १५-२० युआनमध्ये पोटभर.

शाकाहारी लोकांनी घाबरून न जाता तयारीने जावं. "वो ची सू" म्हणजे मी शाकाहारी आहे, पण एवढ्यावर थांबू नका, कारण वांग्यात किंवा टोफूत खिमा आणि पालेभाजीत डुकराची चरबी असू शकते. मांस, मासे, चरबी, ऑयस्टर सॉस काहीही नको असं चिनीत लिहिलेलं कार्ड भाषांतराच्या ॲपवरून करून घ्या आणि ते दाखवा. अंडं खात असाल तर टोमॅटो-अंड्याची भाजी, "फानच्ये छाव दान", भाताबरोबर कुठेही मिळते. बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी हॉटेलं असतात. शिआवबेई स्टेशनच्या परिसरात आफ्रिकन, अरब, भारतीय सगळ्यांची वस्ती-दुकानं आहेत, तिथे भारतीय जेवण मिळतं पण चिनी जेवणाच्या तिप्पट भावाने, त्यामुळे रोज परवडणार नाही. डुक्कर नको असेल तर लानझौ नूडल्सची दुकानं गल्लोगल्ली आहेत, ती मुस्लिम लोकांची असतात. थेपले, खाकरे, चिवडा बॅगेत असू द्या.

बघायचं काय, तेही स्वस्तात

एक अख्खा दिवस लिवानला द्या आणि पायीच फिरा. चांगशौ लू जवळ हुआलिन मंदिर आहे, दक्षिण भारतातून समुद्रमार्गे आलेले बोधिधर्म इथेच किनाऱ्याला लागले अशी परंपरा आहे. तिथून गल्ल्यागल्ल्यांतून चालत कल्चरल पार्ककडे या. याच भागात परदेशी व्यापाऱ्यांच्या तेरा कोठ्या होत्या, १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना समुद्रमार्गे चीनशी व्यापार करायला हे एकच बंदर मोकळं होतं. मुंबईचा कापूस आणि अफू इथेच यायची, जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच व्यापारातून उभी राहिली, आणि त्यातून पुढे जे. जे. हॉस्पिटल झालं. मुंबईच्या माणसाने इथे उभं राहून हे आठवावं असं मला मनापासून वाटतं, या दोन शहरांचं नातं मोबाइल कव्हरच्या आयातीपेक्षा खूप जुनं आहे आणि त्यात अफूचा काळा भागही आहे. पुढे शामियान बेट, इंग्रज-फ्रेंचांच्या जुन्या वस्तीच्या इमारती आणि मोठमोठे वड, फुकट.

चेन क्लॅन अकॅडमी १८९४ मध्ये पूर्ण झाली, छपरावरचं कोरीवकाम बघायला दोन तासही कमी पडतात, तिकीट १० युआन. ग्वांगडोंग म्युझियम फुकट आहे, आधी ऑनलाइन बुकिंग करून पासपोर्ट न्यायचा, सोमवारी बंद. ६०० मीटर उंचीच्या कॅन्टन टॉवरवर चढायला दीडशे युआनपासून पुढे लागतात, मी सांगतो चढू नका, नदीपलीकडच्या हुआचंग स्क्वेअरमधून रात्री तो फुकट आणि जास्त चांगला दिसतो. महागड्या रात्रीच्या क्रूझऐवजी साधी वॉटर बस घ्या, लोक रोज ऑफिसला जातात ती, दोन-तीन युआनमध्ये नदी पार.

निघताना

पुढे दुसऱ्या चिनी शहरात विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकवर ३सी मार्क (चीनचा सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का, सीसीसी) बघा, जून २०२५ पासून तो नसलेली पॉवर बँक देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत. हाँगकाँगला ग्वांगझू साऊथहून हायस्पीड ट्रेनने तासाभरात पोचता, पासपोर्ट हेच तिकीट, पण साऊथ स्टेशन शहरापासून लांब आहे आणि वर तपासणी असते, म्हणून हॉटेलातून दोन तास आधी निघा. परतीचं विमान मध्यरात्रीचं असेल तर चेकआउट करून बॅग हॉटेलातच ठेवा, ते ठेवून घेतात, आणि संध्याकाळची गर्दी ओसरली की साडेआठ-नऊला लाइन २ पकडा, कारण अकराच्या आसपास मेट्रो बंद होते आणि मग टॅक्सीशिवाय पर्याय नाही.